प्रतिपिंड: रक्तातलं आणि किटमधलं

राजारामपुरी: झिका विषाणूच्या चाचणी-किटचं माहितीपत्रक मराठीत करतोय, एका जागी अडलोय. विषाणूशी लढायला रुग्णाच्या रक्तात तयार होतं ते प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. आणि विषाणूचं एनएस१ प्रथिन पकडायला किटमध्ये जे बसवलेलं असतं, उंदराच्या पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेलं, तेही प्रतिपिंडच. मग 'प्रतिपिंड चाचणी' म्हणजे प्रतिपिंड शोधणारी, की प्रतिपिंड वापरून विषाणू शोधणारी?

पंचगंगा: किटमधल्याला 'शोधक प्रतिपिंड' म्हणा. सरळ आहे.

लॅबवाला: सरळ नाही हो. एलायझा या रंग बदलून निकाल दाखवणाऱ्या चाचणीत बहुतेकदा दोन प्रतिपिंडं असतात. एक प्रथिन धरून ठेवतं, दुसऱ्यामुळं रंग येतो. शोधक कुठलं? आम्ही दोन्हींना अँटिबॉडीच म्हणतो. खरी फसगत रक्तातल्या अँटिबॉडीची. झिका आणि डेंग्यू एकाच घराण्यातले, त्यामुळं डेंग्यूसाठी बनलेली झिकालाही चिकटते. म्हणून नुसत्या आयजीएमवर, म्हणजे संसर्गानंतर आधी बनणाऱ्या अँटिबॉडीवर, झिकाचं निदान पक्कं करत नाहीत. पत्रकात हे आधी लिहा, नाव नंतर ठरवा.

पंचगंगा: आज अँटिबॉडी, उद्या सगळंच इंग्रजी. फारसी शिकवणारे कवी माधव जूलियन याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात होते आणि तेच पुढं भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. आपल्याला एक शब्द सांभाळता येऊ नये?

रंकाळा: सांभाळा, पण आधी लिंग ठरवा. घाटावर ठेवतो तो पिंड, महादेवाची ती पिंड, आणि पाठ्यपुस्तकात 'प्रतिपिंडे' नपुंसकलिंगी! माझ्या आजीला 'रक्तात पिंड सापडले' असं सांगितलं असतं तर तिनं हातच जोडले असते.

पंचगंगा: पिंड म्हणजे शरीरही. 'पिंडी ते ब्रह्मांडी' विसरलात? बॉडीला पिंड अगदी चपखल आहे.

रंकाळा: चपखल असेल, पण कानाला श्राद्धच ऐकू येतं. 'प्रतिद्रव्य' काय वाईट आहे?

शिरोळ: लोक स्वतःच नावं पाडतात की. आमच्याकडं चिकुनगुन्याचं 'चिकनगुनिया' झालं आणि कित्येकांनी कोंबडी सोडली. मूळ शब्द आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतला, वाकून जाण्यावरून आलेला. त्यापेक्षा आपला 'हाडमोड्या' लई बरा.

लॅबवाला: हाडमोड्या डेंग्यूला म्हणतात. चिकुनगुन्यात सांधे धरतात आणि त्याचा विषाणूही वेगळ्या घराण्यातला. डास तोच, एडिस, म्हणून ताप एकच होत नाही.

शिरोळ: पेशंट तर दोन्हीत 'अंग मोडून आलंय' एवढंच म्हणतो. त्याला कुठलं घराणं विचारणार?