भाच्याची हॅमस्ट्रिंग गेलीये, एमआरआय करू का आधी एक्स-रे? मदत हवी आहे

मंडळी, भाचा १५ वर्षांचा, सांगलीत कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. गेल्या आठवड्यात बोनस घ्यायला पाय लांबवला तर मांडीच्या मागे (हॅमस्ट्रिंग म्हणजे तिथलाच स्नायू) पार वर कट्कन वाजलं म्हणतो. त्याच रात्री सोनोग्राफी केली, रिपोर्टात 'वरच्या टेंडनमध्ये पार्शल टेअरची शक्यता' एवढंच लिहिलंय, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी अर्धवट फाटली असावी. फिजिओ म्हणतात एमआरआय करा, २सी निघालं तर वेळ लागेल, आणि हाडांचे डॉक्टर म्हणतात आधी साधा एक्स-रे काढा. आता लागलंय स्नायूला, एक्स-रेत काय दिसणार? पोरगं लंगडतंय, बसलं की कुल्ल्याच्या हाडापाशी दुखतं, बहीण घाबरलीये आणि कोचचा रोज फोन. हे २सी काय प्रकरण आहे तेही कुणीतरी सांगा.

कट्टेकरी: काहीही करा पण तेल लावून मालिश नको, आमच्याकडे सगळ्यांना तेच सुचतं.

फिल्मवाली: दादा, मी रेडिओलॉजीत आहे. डॉक्टर बरोबर सांगतायत, एक्स-रे आधी. या वयात हॅमस्ट्रिंग बसायच्या हाडाला जिथे चिकटते तिथला वाढीचा भाग अजून जुळलेला नसतो, तो टेंडनपेक्षा कच्चा, म्हणून मोठ्यांचा स्नायू फाटतो तिथे मुलांची हाडाची कपचीच उपटून येते. ती एक्स-रेत दिसते. दोन्ही बाजू एका फिल्मवर येतील असा पेल्विसचा (कमरेखालच्या हाडांचा) काढा, चांगल्या बाजूशी ताडून बघता येतं. कपची २ सेंमीच्या आसपास किंवा जास्त सरकली असेल तर ऑपरेशनचा विचार करतात, नाहीतर बहुतेकदा आराम आणि व्यायामावर भागतं.

त्या रात्रीच्या सोनोग्राफीवर फार विसंबू नका. रक्त साकळून नीट दिसायला दोन-तीन दिवस जातात, जागा खोल, आणि प्रोब (अंगावर फिरवतात ते यंत्र) जरा तिरका पडला की चांगलं टेंडनसुद्धा काळं, फाटल्यासारखं दिसतं.

२सी हे ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सच्या २०१४ च्या वर्गीकरणातलं. आकडा ० ते ४, म्हणजे इजा केवढी, आणि अक्षर म्हणजे कुठे: ए स्नायूच्या आवरणापाशी, बी स्नायू आणि टेंडनच्या जोडावर, सी थेट टेंडनच्या आत. सी भरायला वेळ घेतं आणि परत फाटायची भीती जास्त. पण कपची निघाली असेल तर हा हिशोबच वेगळा, म्हणून म्हटलं आधी एक्स-रे.

सांगलीचा मामा: थँक्यू ताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग एमआरआय नकोच का?

फिल्मवाली: एक्स-रे क्लिअर आला आणि दुखणं तसंच असेल, किंवा टेंडन किती सुटलंय ही शंका असेल तर करा, कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसायला शिरेतून देतात ते औषध) सहसा लागत नाही. फक्त 'कधी खेळू' हे फिल्मवरून ठरवू नका, पोरं पळायला लागली तरी एमआरआयवर सूज पांढरी दिसत राहते. ते ताकद आणि दुखणं तपासूनच ठरतं. कोचना सांगा, रिपोर्ट येईपर्यंत मैदान बंद.

सांगलीचा मामा: उद्या सकाळीच नेतो. सोमवारपासून चाचणी परीक्षा आहे, बाकावर तीन तास बसवेल का?

फिल्मवाली: डॉक्टरांना तेही विचारा, तोवर खाली जाड उशी आणि मधेमधे उभं राहायची परवानगी शाळेकडून घेऊन ठेवा.