मदत हवी आहे: प्लॅटिनमवरच्या लाटांचं मॉडेल, सर्पिल गोल येतच नाही

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी प्लॅटिनमच्या (११०) पृष्ठभागावर (हा आकडा स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगतो) कार्बन मोनॉक्साइडचं (सीओ) ऑक्सिडेशन होताना उठणाऱ्या लाटांचं मॉडेल करते आहे. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत गेरहार्ड एर्टल यांच्या गटाने १९९० मध्ये त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपल्या. ऑक्सिजनने व्यापलेला भाग काळा, सीओचा उजळ, आणि त्यात फिरणारी सर्पिलं. ती चित्रं पाहूनच हा विषय घेतला.

यामागचं चक्र असं: स्वच्छ पृष्ठभागावर अणूंची एक ओळ सोडून एक ओळ गायब असते. सीओ पुरेसा साचला की ही रचना मोडते आणि पृष्ठभाग सपाट होतो. सपाट पृष्ठभागावर ऑक्सिजन जास्त सहज चिकटतो, सीओशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. सीओ घटला की ओळी पुन्हा गायब.

बेअर आणि आयस्विर्थ यांचं १९९३ चं दोन चलांचं मॉडेल वापरते आहे. 'यू' वेगवान, 'व्ही' संथ. स्थिरांक ए ०.८४, बी ०.०७, एप्सिलॉन (यू व्हीपेक्षा किती वेगवान ते ठरवणारा; लहान म्हणजे जास्त वेगवान) ०.०३, यूचा विसरण गुणांक (तो किती वेगाने पसरतो) १. ग्रिडच्या शेजारच्या बिंदूंमधलं अंतर ०.८, काळात पुढे जायला साधी ऑयलर पद्धत, आणि विसरण मोजायला पाच बिंदूंचा लाप्लासियन (बिंदू आणि त्याचे चार शेजारी).

लाट चालते, पण सर्पिल चौकोनी होतं आणि त्याचं टोक गाभ्याजवळ अडकतं. काळाची पायरी कमी केली तरी तेच. एप्सिलॉन ०.०७ च्या वर गेला तर सर्पिल तुटतं हे ठाऊक आहे, पण ०.०३ ला ते सुबक फिरायला हवं. शिवाय प्रयोगात सर्पिलं लंबवर्तुळाकार दिसतात, कारण सीओ ओळींच्या दिशेने जास्त वेगाने सरकतो. मग दोन दिशांना वेगळे गुणांक घेऊ, की आधी ग्रिड तपासू? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा, इथेच अडले आहे.

प्रतिसाद

आधी ग्रिड. लाटेच्या आघाडीची जाडी एप्सिलॉनच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ०.०३ ला ती साधारण १ भरते, म्हणजे तुमच्या ग्रिडवर आघाडीत एक-दोनच बिंदू येतात. ताजी लाट जिथून गेली तिथे व्ही अजून उतरलेला नसतो, त्यामुळे (बी + व्ही) भागिले ए हा उंबरठा (यूने ओलांडला तरच लाट पेटते) चढा राहतो. आघाडी तिथे दुबळी पडते आणि विरळ ग्रिड तिला धरून ठेवतं. गाभ्याजवळ टोक अशाच भागात फिरतं, म्हणून ते अडकतं.

अंतर ०.२ करा, पायरी ०.००५ ठेवा आणि नऊ बिंदूंचा लाप्लासियन घ्या. गणित खूप वाढेल, तेव्हा सुरुवातीला छोटा चौरस पुरे. सर्पिलाच्या आधी एक सरळ लाट अक्षाच्या दिशेने आणि एक ४५ अंशांत सोडून दोन्हींचे वेग मोजा. ते जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

दिशांचे गुणांक सध्या सारखेच राहू द्या. ते दोन दिशांना वेगळे असले, तरी पृष्ठभागावर सगळीकडे तेच असतील तर एक अक्ष ताणला की गोल सर्पिलाचं लंबवर्तुळ होतं, गतिकी तीच राहते.