डोळे एकमेकांपासून लांब असलेला हा किडा चतुर की टाचणी?

प्रश्न: तीन सकाळी ओढ्याकाठी बसून एकाच दगडावर नजर ठेवली. तिथे दोन किडे येतात. एक काडीसारखा बारीक, निळसर, पंख पाठीवर मिटून बसतो. ती टाचणी हे नक्की. दुसरा दणकट, काळा-पिवळा, पंख पसरून बसतो. त्याला मी चतुर म्हणत होते, पण त्याचे डोळे एकमेकांना टेकत नाहीत. डोळे एकमेकांपासून लांब म्हणजे टाचणी, असंच शिकले होते. मग हा कोण?

उत्तर १: चतुरच. गोंफिडे कुळातल्या चतुरांचे डोळेही एकमेकांपासून लांब असतात आणि त्यातले बरेच वाहत्या पाण्याजवळ राहतात. पंखांची बुडं बघा. चतुराचे मागचे पंख तिथे रुंद असतात, टाचणीचे चारही जवळपास सारखे.

उत्तर २: पंख मिटण्यावरही विसंबू नका. लेस्टिडे कुळातल्या टाचण्या ते अर्धवट उघडे ठेवतात, मी त्यात फार फसलो. खरा फरक पाण्याखाली कळतो. टाचणीच्या पिल्लाला शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले असतात. चतुराच्या पिल्लाचे कल्ले गुदाशयात! तिथे पाणी ओढून ते श्वास घेतं आणि धोका दिसला की तेच पाणी जोरात मागे फेकून पुढे सुटतं. पांढऱ्या ताटलीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास जागचा हललो नाही. पाहून झालं की पिल्लू त्याच दगडापाशी सोडा.

प्रश्नकर्ती: आज दगडावर पिल्लाची कात सापडली! जाडसर आहे, टोकाला आखूड काटे, पानांसारखे कल्ले नाहीत. म्हणजे चतुर याच ओढ्यात वाढला.