माइनक्राफ्ट : नरनाळ्यासारख्या किल्ल्यात तिरपा तट गोल बुरुजाला कसा जोडावा? मदत हवी आहे

राजेहो, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) गेममध्ये अकोल्याकडच्या नरनाळ्याच्या धर्तीवर किल्ला चालू आहे. मोबाईलवर, बेडरॉक आवृत्ती, सर्व्हायव्हल मोड (सामान स्वतःच गोळा करावं लागते). बुरुजाचा व्यास 13 ब्लॉक. घेर 5-2-2-5 असा फिरवला (सरळ 5 ब्लॉक, मग एकेक पायरी सरकून 2, 2 अन् पुन्हा 5), तो चांगला गोल दिसते.

घोळ तटाचा आहे. डोंगराच्या कडेनं तट 45 अंशात वळवला की 3 ब्लॉकची जाडी प्रत्यक्षात जेमतेम 2 भरते, कारण ती तटाला काटकोनात नाही, ब्लॉकच्या ओळीत आडवी मोजलेली असते. बुरुजाजवळ तर पार चिपाड वाटते. तिथं आडवी 4 ब्लॉक जाडी घ्यावी, की 45 सोडून दोन पुढं-एक बाजूला अशा पायऱ्यांनी वळवावं? दुसऱ्यात तट लांबते अन् दगडी विटा जास्त लागतात. त्या विटांसाठी दगड भट्टीत भाजावे लागतात, अन् एका कोळशात 8च भाजले जातात, भट्टी किती पेटवावी!

तटावरच्या वाटेवर खालचे अर्धे स्लॅब टाकले, म्हणजे रात्री राक्षस उगवत नाहीत. मग त्यांना अडवायला उजेडासाठी मशालींची गर्दी नको.

आणखी एक : नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचे झरोके उलट्या लावलेल्या पायरी-ब्लॉकांवर तोलावे, तर भिंतीबाहेर 1 ब्लॉक पुरते का 2? ज्यानं केलं असेल त्यानं स्क्रीनशॉट टाका भाऊ.