'ब्रास स्टॅब'ला मराठीत काय म्हणाल?

मंद्रसप्तक
एका कार्यशाळेची पुस्तिका मराठीत आणतेय. विषय आहे, चित्रपटातल्या पाठलागाला ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या फुंकीच्या पितळी वाद्यांच्या जोरावर वाद्यवृंदाचं संगीत कसं लिहायचं. हिशोबाचा भाग सहज उतरला: लय मिनिटाला 160 ठोक्यांची ठेवली तर सेकंदाला 24 फ्रेमच्या फिल्मवर दर ठोका बरोबर 9 फ्रेमनी पडतो, म्हणून गाडी वळते ती फ्रेम गाठणं सोपं जातं. अडलंय ते 'ब्रास स्टॅब'शी. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा, सगळ्यांनी एकदम एकच तोकडा, जोरकस कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवायचा आणि तिथल्या तिथे गप्प व्हायचं. मी 'पितळी वाद्यांचा वार' लिहिलं. संपादकांनी खोडलं, म्हणाले 'पितळी' वाचून घागर डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

शब्दवेल्हाळ
'आघात' असताना शोधाशोध कशाला? आणि ब्रासला 'धातुसुषिर' म्हणा. भरतमुनींनी तत, अवनद्ध, घन, सुषिर असे चार वर्ग करून ठेवलेत, फुंकीची सगळी वाद्यं सुषिर. सावरकरांनी 'दिग्दर्शक' दिला तेव्हा तोही लोकांना जड वाटला असेल. आज कुणाला अडखळायला होतं का?

रुपेरी
'आघात' पटत नाही. तो हाताचा असतो, कातड्यावर पडतो. फुंकीला आघात म्हटलं की वाचणाऱ्याच्या कानात ड्रम वाजतो, ट्रॉम्बोन नाही. मी काही वर्षं रेकॉर्डिंगला बसलोय. तिथे सरळ 'पंच' म्हणायचे, म्हणजे ठोसा. "गाडी कठड्याला घासते तिथे ब्रासचा पंच टाक." ज्यांनी हे रोज वाजवलं त्यांचा शब्द घ्यावा.

दुसरं, 'धातुसुषिर'मध्ये सॅक्सोफोन बसणार. तो अख्खा पितळेचा, पण वाजतो फुंकीने थरथरणाऱ्या वेताच्या पत्तीवर. म्हणून वाद्यवृंदात त्याला ब्रासमध्ये धरत नाहीत, लाकडी सुषिरांत धरतात.

शब्दवेल्हाळ
धातूचं वाद्य लाकडी वर्गात घालायचं ही युरोपातली अडचण आहे. ती आपण मराठीत का आणायची?

रुपेरी
कारण फरक धातूचा नाहीच, ओठांचा आहे. ट्रम्पेटला पत्ती नसते. वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात आणि नळी तो आवाज मोठा करते. पाठलाग लिहिणाऱ्याला हे आधी कळायला हवं. ओठ थकतात. चार मिनिटांच्या पाठलागात ट्रम्पेटना पहिल्यापासून वरच्या स्वरांत ठेवलं, तर शेवटी गाडी पुलावरून उडते तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसतं. म्हणून खालची धावपळ ट्रॉम्बोन-ट्युबाकडे द्यायची, तीही दोघांत वाटून, म्हणजे एक श्वास घेईल तेव्हा दुसरा वाजवेल. मधली चढण हॉर्नची. ट्रम्पेट राखून ठेवायचे. नाव धातूवरून दिलंत की यातलं काहीच दिसत नाही.

मांडवीकाठ
रुपेरी, ओठांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण नावं जगभर धातूचीच आहेत. पोर्तुगीजमध्ये या कुटुंबाला 'धातू' म्हणतात, फ्रेंच 'तांबी' म्हणतात, जर्मन 'पत्र्याची वाद्यं'. मग मराठीने 'पितळी' म्हटलं तर घागर कशी आठवते? माझे आजोबा गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ, वाजवत. नोटेशन चर्चच्या शाळेत शिकलेले. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक पोचले ते त्या शिक्षणामुळे. चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट, सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांचं अरेंजिंग, म्हणजे कुठलं वाद्य काय वाजवेल ते लिहून देणं. त्यांच्याशिवाय हिंदी सिनेमातल्या ब्रासबद्दल बोलताच येणार नाही. आमच्या घरी मात्र त्या सगळ्याला नुसतं 'बँड' म्हणायचे.

कऱ्हाडकर
'बँड' म्हटलं की आमच्याकडे वरात. आणि तुतारीचं नाव अजून कुणीच कसं घेत नाही? तुतारी, शिंग, कर्णा, तिन्ही ओठांनी वाजतात, तिन्हींना पत्ती नाही. म्हणजे हे कुटुंब आपल्याकडे होतंच. 'तुतारीवर्गीय वाद्यं' म्हणा. तुतारी हा शब्द 'तूर्य'वरून आला असावा असं मला वाटतं.

शब्दवेल्हाळ
मला तो नादावरून आलेला वाटतो. तू-तू-तार, ऐका जरा. पण 'तुतारीवर्गीय' चांगला आहे, माझा पाठिंबा.

रुपेरी
तुतारी म्हणजे ट्रम्पेट नव्हे, हे 2024 च्या लोकसभेनंतर तरी महाराष्ट्राला पटायला हवं होतं. एका पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', अपक्षांना ट्रम्पेट, आणि मराठी यादीत त्या ट्रम्पेटलाही तुतारी म्हटलेलं. साताऱ्यात ट्रम्पेटला पडलेली मतं हारजितीच्या फरकापेक्षा जास्त होती. एका शब्दाच्या सैल भाषांतराने एवढं होतं.

कऱ्हाडकर
ते माझ्याच मतदारसंघात झालंय, मला सांगू नका. लोक त्या ट्रम्पेटला पिपाणी म्हणत होते. तेही चूक, पिपाणीला पत्ती असते. पण मी ट्रम्पेटला तुतारी म्हणा असं म्हणतच नाहीये. कुटुंबाला नाव द्या, म्हणतोय.

मंद्रसप्तक
मंडळी, 'स्टॅब' राहिला. म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेल्या ट्रम्पेटचा स्टॅब वेगळा लागतो, चिरका आणि लांबून आल्यासारखा. उघड्या ट्रॉम्बोनचा छातीवर येतो. 'पंच' दोन्हीला चालेल? मला पहिल्याला 'सणका' आणि दुसऱ्याला 'दणका' सुचतोय.

मांडवीकाठ
'सणका' फार छान. 'दणका' मात्र घुमत राहतो. स्टॅबनंतरची शांतता महत्त्वाची, तिच्यात टायर ऐकू येतात.

शब्दवेल्हाळ
सणका दुखण्याचा असतो, सुराचा नव्हे. 'आघात'च बरा.

तिसरी घंटा
उशिरा आलो, पण कऱ्हाडकरांच्या शिंगाला पुरावा देतो. 1968 च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये माणसांची शिकार होते, त्या पाठलागाला संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी चक्क मेंढ्याचं शिंग वापरलंय. एरवीचा फ्रेंच हॉर्नसुद्धा शिकारीच्या शिंगातूनच आलेला. कुत्री, घोडे, पुढे धावणारं सावज, आणि मागच्यांना दिशा कळावी म्हणून फुंकलेलं शिंग. पाठलागाला ब्रास लागतं ते नुसतं मोठ्या आवाजासाठी नाही. ऐकणाऱ्याला आपण सावज आहोत असं वाटतं. मंद्रसप्तकताई, पुस्तिकेत हे घालाच, आणि हॉर्नला बिनधास्त 'शिंग' लिहा.

कऱ्हाडकर
शंभर टक्के. रणशिंग आपल्याला नवीन आहे का?

रुपेरी
हॉर्नला शिंग लिहायला माझी हरकत नाही. पण मग इंग्लिश हॉर्नला काय लिहिणार? नाव हॉर्नचं, पण आहे तो ओबो या पत्तीच्या वाद्याचा भाऊ. लाकडी आणि दोन पत्त्यांचा. त्यालाही शिंग म्हणणार का?

शब्दवेल्हाळ
त्याला सनई म्हणा.

रुपेरी
सनई? अहो, तिचा सूर, तिचं तोंड, सगळंच वेगळं. यावर नवा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.