तेल तोडलं की धोका टळतो?

वर एका ताईंनी लिहिलंय की पाळी गेल्यावर तेल-तूप बंद केलं की स्तनाच्या कॅन्सरची भीती नाही. इतकं सरळ नाही हो ते. अमेरिकेत पाळी थांबलेल्या ४८,८३५ बायकांवर चाचणी झाली. एका गटाचं तेल-तूप-लोणी कमी करून भाज्या-फळं वाढवली. २००६ च्या निकालात कॅन्सर ९ टक्के कमी दिसला, पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

मला वजनाचा मुद्दा जास्त पटतो. या कॅन्सरला खतपाणी घालणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) या वयात मुख्यतः अंगावरच्या चरबीतच तयार होतं. तेव्हा फोडणीचं तेल मोजण्याआधी चहासोबतची खारी, फरसाण आणि ‘टाकायचा कशाला’ म्हणून संपवलेला पातेल्यातला भात बघा. आणि हो, वाईनलाही सूट नाही, थोडी असली तरी.