लाकूड वाजवून बघणारी माणसं: सरपणाचे तुमचे अनुभव सांगा

पडवीतली
चतुर्थीला गावी होते, गुहागरजवळ. आदल्या रात्री सिलिंडर संपला. भरलेला म्हणून कोपऱ्यात ठेवलेला दुसरा, तोही रिकामा निघाला (कोणी ठेवला यावरून घरात अजून दोघांचं बोलणं बंद आहे). शेवटी मोदकपात्र चुलीवर चढवलं आणि चूल काही धरेना.

२०२५ चा मे आठवतोय ना? २६ तारखेला मोसमी पाऊस मुंबईत, म्हणजे आमच्याकडे त्याच्याही आधी. अगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, फोडून अंगणात वाळत टाकलेली लाकडं तिथेच भिजली, मग घाईघाईने पडवीत रचली. वरून कोरडी ठणठणीत दिसत होती. चुलीत सारली तर पुढच्या टोकाला नुसता धूर आणि मागच्या टोकातून पाणी फसफसून बाहेर, साबणाच्या फेसासारखं, सुर्रर्र करत. एकवीस मोदकांना पावणेदोन तास. कळ्या खाली बसल्या. काकूच्या डोळ्यांतून धारा, आणि बाहेर आरतीसाठी ताटकळलेले लोक विचारतायत, झालं का?

तेव्हा आजी आठवली. ती लाकूड कधी नुसतं बघून घ्यायची नाही. दोन फाटी एकमेकांवर आपटायची. टण वाजलं तर चुलीकडे, धप वाजलं तर परत पडवीत. धप वाजणाऱ्याला ती म्हणायची, "हे अजून झाडच आहे." मग कापलेलं तोंड बघायची, मधून कडेपर्यंत चिरा गेल्यात का. मग साल नखाने उचकटायची. ओल्याची साल चिकटून बसते, वाळलेल्याची टचकन सुटते.

तुमच्या घरी कोण होतं असं? काय बघायचे? लिहा.

खाडीपलीकडे
ऐन आणि किंजळ. विषय संपला.

बरं, नाही संपला. ऐनाचा जाळ एकसारखा चालतो आणि निखारा टिकतो, भाकरीला तेच लागतं. पण ऐनाची झाडं कोकणात खांबासारखी का दिसतात माहितीये? दरवर्षी भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडतात म्हणून. फांद्या त्या राबाला आणि पालवी परत फुटायला मोकळी. आमच्याकडे अख्खं ऐन सरपणाला पाडलेलं मी कधी पाहिलं नाही. जाडसर फांदी वेगळी काढायची, ती चुलीची.

चेडू_वेंगुर्ल्याचा
आमच्याकडे बाबा एकदा सावरीची लाकडं घेऊन आले, फुकट मिळाली म्हणून. आजीने एक उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाली, "मेल्या, लाकडां हाडलंस काय केळीचे गाभे?" एवढ्या मोठ्या माणसाला, पाहुण्यांसमोर 😄
सावर, पांगारा, शेवगा, तिन्हीची हीच गत. कागदासारखी भुर्रकन जळतात, भात अर्धकच्चा.

बंदरवाला
सुरूचं झाड कसं कोणी लिहिलं नाही अजून? किनाऱ्याला राहणाऱ्यांना विचारा. ओला असतानाही धरतो, दुसरं कुठलं लाकूड असं ऐकत नाही. वादळात बनातला एखादा आडवा झाला की आमची आत्या कोयता घेऊन सगळ्यांच्या आधी तिथे. तिचा चहा व्हायचा, शेजारणी फुंकणी घेऊन बसलेल्या.

पूर्वी खाडीतल्या खारफुटीतलं कांदळही जाळायचे. जड लाकूड, निखारा मस्त. ते आता डोक्यातून काढून टाका. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी घातली, आणि ते बरंच झालं. गेवा, तीही खारफुटीच, मात्र आत्या तेव्हाही खाडीतून घरी आणू द्यायची नाही. त्याचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो म्हणायची.

अर्धवट_इंजिनिअर
@पडवीतली, तो फेस म्हणजे लाकडाच्या नळ्यांमधून ढकललं गेलेलं पाणी. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जाळ आधी ते पाणी उकळण्यात खर्च होतो, मोदकांना उरलंसुरलं. वीस टक्क्यांच्या खाली ओल आली की लाकूड नीट जळतं.

म्हणून लाकूड वजनावर घेऊ नका. आम्ही एकदा घेतलं. टेम्पोवाल्याने काट्याची पावती दाखवली, आम्ही खूश. महिन्याभराने तीच लाकडं उचलली तर केवढी हलकी झालेली. पाण्याचे पैसे मोजले की हो आम्ही. तेव्हापासून रास बघून घेतो, आणि राशीच्या वरचं नाही, मधलं एक ओढून वाजवतो.

खाडीपलीकडे
ओढताना काठीने ओढ बाबा. राशीत फुरसं बसतं. आमच्या गड्याला तसंच डसलं होतं, वाचला, पण बोट वाकडंच राहिलं.

अर्धवट_इंजिनिअर
😳 बरं. काठी.

घाटावरून_आलेली
मी सांगलीकडची, सासर राजापूर. पहिल्या पावसाळ्यात मला कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बाभूळ, नाहीतर तुरकाट्या, आणि सगळं उन्हात करकरीत. इथे आल्यावर मागच्या बाजूला काजूच्या टरफलांचं पोतं दिसलं. म्हटलं वा, आयतं जळण. दोन ओंजळी घातल्या. तेल उडून जाळ थेट वाशाला, काळा धूर, घसा असा धरला की दोन दिवस आवाज नाही. हाताला लागलं तिथली कातडी आठवड्याने सुटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पोतं उचलून कुलपात ठेवलं.

आता मी लाकडं त्यांच्यापेक्षा बरी ओळखते हं. त्याच म्हणतात.

आत्याबाई
काजूचं एवढं काय, बिब्बा जाळून बघा. नका बघू. आमच्या भावाने लहानपणी शेकोटीत बिब्ब्याची फांदी घातली, नुसता धूर लागला नि सकाळी तोंड फुगून डोळे दिसेनात. आईने आठ दिवस खोबरेल चोपडलं. शाळेत कोणी ओळखेना, त्याचाच त्याला आनंद

सोडणवाला
चुलीचं राज्य ऐन-किंजळीचं असेल, न्हाणीचं राज्य नारळाचं. सोडणं (नारळाची वरची साल), करवंट्या, झावळीचे पिढे (बुडखे), पोय (फुलोऱ्यावरचं आवरण). नारळाचं काही वाया जात नाही. करवंटीचा जाळ म्हणजे दहा मिनिटांत हंडा कढत. पण माडाचं खोड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. धुमसत बसतं, ना विझतं ना पेटतं.

चेडू_वेंगुर्ल्याचा
आमच्या एका काकांसारखं.

सोडणवाला
😂😂 प्रत्येक घरात एक असतो

माहेरवाशीण
वाचतेय सगळं. कुकर लावून आले. बांबू जाळत नाहीत ते कोणी लिहिलं नाही, वंशाला बरं नसतं म्हणून. भाऊ म्हणतो पेरात हवा असते ती फुटून निखारे उडतात, म्हणून नाही जाळायचा. काही का असेना, आमच्याकडे जाळत नाहीत. आणि उंबर तर होमाच्या समिधेपुरताच.

श्रीवर्धनचा_धाकटा
आमच्याकडे लाकूड निवडायची वेळ ३ जून २०२० ला गेली. निसर्ग चक्रीवादळाने दोन वर्षांचं सरपण एका दुपारी अंगणात आणून टाकलं. पोफळी शेकड्याने मोडलेल्या, माड, आंबे, फणस. वीज कित्येक दिवस नव्हती, सगळं चुलीवरच. लोक म्हणायचे, निदान जळणाची तरी ददात नाही.

आंबा बरा जळतो, तक्रार नाही. पण आजोबांनी लावलेल्या कलमाच्या फांद्या बाबा फोडायचे ना, तेव्हा ते लाकूड वाजवून वगैरे बघायचे नाहीत. एक ओंडका त्यांनी अजून फोडलेला नाही. पडवीच्या कडेला आहे, त्यावर बसून चपला घालतो आम्ही.

पडवीतली
❤️ काय लिहू यावर.

आत्याबाई
आमच्या वाडीच्या चाळीस पोफळी गेल्या होत्या. राहू दे तो ओंडका

गजालीकर
पावसातल्या लाकडाचा विषय निघालाय तर लिहितो. आजोबा जुलैत गेले. बाहेर कोसळत होतं. आमच्या वाडीत पद्धत आहे, प्रत्येक घरातून लाकूड येतं. कोणी मागायचं नाही, कोणी विचारायचं नाही. त्या दिवशी शेजारचे अण्णा, ज्यांच्याशी आमचा बांधावरून वीस वर्षं अबोला, पोरांना म्हणाले, माझ्या माळ्यावरची काढा. तीन वर्षं चुलीच्या धुरावर वाळलेली लाकडं, त्यांनी मुलीच्या लग्नातल्या जेवणावळीसाठी राखून ठेवलेली. एकेक खाली देताना टिचकी मारून बघत होते. एक धप वाजलं तर बाजूला ठेवलं, म्हणाले, हे नको, हे रडवेल.
रॉकेल लागलं नाही.

माहेरवाशीण
🙏🏽

खाडीपलीकडे
🙏 बांधाचं मिटलं का?

गजालीकर
नाही 🙂 पण लग्नाला लाकडं आमच्याकडून गेली. खैर होता थोडा, वाऱ्याने पडलेला.

अर्धवट_इंजिनिअर
पडलेला होता ना नक्की? खैराला कुऱ्हाड लावायची तर स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. ऐन, किंजळ, आंबा, फणससुद्धा त्याच यादीत आहेत.

गजालीकर
पडलेलाच रे. तू वनखात्याच्या नाक्यावर उभा आहेस की काय?

सुरंगी
सगळे चुलीचे गोडवे गातायत म्हणून. आमच्या आईला चाळिशीतच दम लागायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वर्षं विडी ओढता? तिने आयुष्यात विडी हातात धरलेली नाही. ओल्या लाकडांपुढे फुंकणी धरून मात्र पस्तीस वर्षं बसली. लाकडं आणणारे, फोडणारे, विकत घेणारे सगळे पुरुष आणि धूर खाणारी ती. तिला लाकूड वाजवायची सवय नव्हती, कारण निवड तिच्या हातात नव्हती. जे येईल ते जाळायचं.

गॅस आला तेव्हा तिने चूल शेणाने सारवली, हळदकुंकू वाहिलं आणि परत पेटवली नाही.

पडवीतली
बरं झालं लिहिलंस. मोदकाच्या वेळी काकूचे डोळे बघून माझ्याही मनात हेच आलं होतं, पण गंमत म्हणून लिहून टाकलं मी.

चेडू_वेंगुर्ल्याचा
खरंय. आमची आजीसुद्धा सारखी "ही चव गॅसार येवची नाय" म्हणायची, पण पहाटेचा चहा स्वतः गॅसवरच करायची.

बंदरवाला
रचायचं कसं ते राहिलं. खाली पोफळीचे दोन वासे टाका, लाकूड भुईला टेकलं की वाळवी लागलीच. फोडलेल्याची साल वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. भिंतीपासून वीतभर लांब. आणि फोडायचं माघ-फाल्गुनात. मेमध्ये फोडणारे मग मोदकाला पावणेदोन तास लावतात 😛

पडवीतली
काकांना दाखवते हे. नको, आधीच बोलणं बंद आहे.

अलिबागची_मावशी
लाकडांचं चाललंय तर आमच्या पोपटीला लाकूडच नको असतं मुळी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर परत पाला, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, पातेरा, काटक्या. अर्धा तास भडकता जाळ. जाड लाकूड घातलंत तर शेंगा तळाला करपणार. थंडीत या सगळे.

माहेरवाशीण
मावशी, ओवा पण घालतात ना?

अलिबागची_मावशी
ओवा नि जाडं मीठ. पाणी अजिबात नाही.

घाटावरून_आलेली
भांबुर्डा ठाण्यात कुठे मिळेल? जानेवारीत नणंदेकडे जाणार आहे.

सोडणवाला
रेल्वे रुळाच्या कडेला बघा, रान माजलेलं असतं.

अलिबागची_मावशी
नको गं बाई तिथला! मी पाठवते एसटीने.